तेरावा महिना आणि एकोणतिसावा दिवस

वाचकांचे प्रश्न

काळ, पंचांग आणि कविता या विषयावर आलेल्या पत्रांतील सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रांतला मजकूर थोडा आटोपशीर केला आहे, पण प्रश्नाचा आशय बदललेला नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचा जन्म २९ फेब्रुवारी २०२० चा आहे. तिच्यासाठी एक कविता लिहावी असे फार दिवस मनात आहे, पण ‘चार वर्षांतून एकदा येणारा पाहुणा’ या कल्पनेपलीकडे लेखणी सरकत नाही. मराठीत लीप वर्षावर चांगल्या कविता सहसा वाचायला का मिळत नाहीत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्याला सुचलेली पाहुण्याची कल्पना गोड आहे, पण ती पूर्णपणे खरी नाही, आणि मला वाटते तिथेच कविता अडते आहे. ऋतूंचे एक चक्र पूर्ण व्हायला ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. दर वर्षी उरणारे हे सहा तासांना थोडे कमी असे तुकडे चार वर्षे साठवून त्यांचा एक दिवस केला, की तो दिवस किंचित जास्तच भरतो. ती जास्तीची मिनिटे शतकानुशतके साठत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान होण्याचा क्षण, पंचांगातल्या तारखेपासून दहा दिवस सरकला, म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांच्या आदेशाने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख धरण्यात आली. पुढे असे होऊ नये यासाठी शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप मानायचे, असा नियम झाला. त्यामुळे १९०० हे वर्ष लीप नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. त्यांच्या जन्मानंतरचा पहिला २९ फेब्रुवारी आठ वर्षांनी, १९०४ मध्ये उगवला, आणि नव्याण्णव वर्षांच्या आयुष्यात ही तारीख त्यांच्या वाट्याला पुन्हा फक्त तेवीस वेळा आली. पाहुणा येतो हे खरे, पण एखाद्या खेपेला तो आठ वर्षे तोंड दाखवत नाही, हे कळल्यावर त्याच कल्पनेला वेगळे वजन येते.

आपल्या मुलीच्या तारखेकडे आणखी एका बाजूने पाहावे, असे सुचवतो. ३६५ दिवस म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून कोणतीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. मधे २९ फेब्रुवारी आला की ती एक वार ओलांडून दोन घरे पुढे जाते. आपली मुलगी शनिवारी जन्मली. तिचा पुढचा २९ फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरुवारी आला, त्यानंतरचा २०२८ मध्ये मंगळवारी असेल, मग रविवार, शुक्रवार, बुधवार, सोमवार असे आठवड्याचे सातही वार फिरून ती तारीख २०४८ मध्ये पुन्हा शनिवारी येईल, तेव्हा मुलगी अठ्ठावीस वर्षांची असेल. सात वाढदिवसांत साऱ्या आठवड्याची प्रदक्षिणा पूर्ण करून जन्मवाराच्या उंबऱ्यावर परत आलेली अठ्ठावीस वर्षांची तरुणी, हे चित्र आपण आज पाहू शकता, कारण त्याचा हिशेब आधीच मांडलेला आहे. बापाच्या कवितेला याहून चांगला धागा मला तरी सुचत नाही.

शब्दाचाही विचार व्हावा. लीप वर्षाला आपण ‘प्लुत वर्ष’ म्हणतो. प्लुत म्हणजे उडी घेतलेले. हाच शब्द व्याकरणात स्वरासाठी येतो : ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन. दूर गेलेल्या माणसाला हाक मारताना शेवटचा स्वर आपण लांबवतो, तो प्लुत. पाणिनीने हे तीन स्वर एका सूत्रात सांगितले, आणि ते समजावण्यासाठी कोंबड्याच्या आरवण्याचा दाखला परंपरेने दिला जातो. जी भाषा जास्तीच्या मात्रेला आणि जास्तीच्या दिवसाला एकच नाव देते, तिच्यात लीप वर्षाची कविता लिहिण्यासाठी दुसरी भाषा धुंडाळावी लागत नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे. माझे मत असे, की वाढीव काळाबद्दलची आपली सारी कल्पनाशक्ती २९ फेब्रुवारी इथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी अधिक महिन्याने व्यापली होती. बारा चांद्र महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचे वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मागे राहते. ही तूट साठत जाऊन एखादा चांद्र महिना असा येतो, की त्यात सूर्य एकही रास ओलांडत नाही. त्या महिन्याला स्वतःचे नाव मिळत नाही, तो पुढच्या महिन्याचे नाव उसने घेतो. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण होता. त्याच्या आधी सूर्याने कर्क रास गाठली होती आणि तो संपल्यावर सिंह रास गाठली, मधला सारा महिना तो एकाच राशीत होता. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात आणि त्यानंतर पुष्कळदा तोच महिना परत अधिक होतो : २००४ मध्येही अधिक श्रावण होता, २००७ मध्ये अधिक ज्येष्ठ होता आणि २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून पुन्हा अधिक ज्येष्ठच.

या महिन्याची कविता फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पंचविसाव्या सूक्तात शुनःशेप वरुणाची स्तुती करताना म्हणतो, की तो व्रतस्थ देव प्रजेसह असणारे बारा महिने जाणतो, आणि जो वर आणखी जन्मतो त्यालाही जाणतो. बाराजणांच्या घरात मागाहून जन्मलेल्या, नाव नसलेल्या तेराव्याला कोणीतरी ओळखतो, ही कल्पना मला आजही हलवून सोडते, विशेषतः ती ज्याच्या तोंडी आहे तो ऋषी परंपरेच्या कथेत बळीसाठी यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधलेला मुलगा आहे हे आठवले की. आणि दुसऱ्या टोकाला आपली म्हण आहे, ‘दुष्काळात तेरावा महिना’. आधीच धान्य संपलेले, सुगी दूर, आणि त्यात पंचांगाने आणखी तीस दिवस वाढवलेले. एकाच खगोलीय घटनेकडे एकाने देवाच्या सर्वज्ञतेतून पाहिले आणि दुसऱ्याने रिकाम्या कणगीतून. ही म्हण तीन शब्दांची आहे, तरी मी तिला कविताच मानतो.

प्रश्न : अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. हा आकडा कुठून आला? यावर ओव्या रचायच्या आहेत. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : घराघरांत या आकड्याचा संबंध तेहतीस कोटी देवांशी जोडतात आणि ओवीत तोच यावा, कारण वाण देणारीच्या मनात तोच असतो. मात्र हिशेबाच्या बाजूनेही हा आकडा जवळचा आहे. एक जुना संस्कृत श्लोक सांगतो, की ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटिका लोटल्या की अधिक मास पडतो. हे महिने सौर मानाने मोजले तर आजच्या गणिताशी ते आश्चर्यकारकपणे जुळतात. म्हणजे बत्तीस महिने भरून तेहतिसावा चालू असताना वाढीव महिन्याची वेळ येते. अनारशाला जाळी पडते, बत्ताशाला छिद्रे असतात, म्हणून या वाणात तेच चालतात. ‘धोंड्याचा महिना’ हे नाव आणि पुरण भरून उकडलेले धोंडे हेही ओवीत येऊ द्या. ताटातल्या तेहतीस जाळीदार अनारशांवर दिवा ठेवला की खालची जाळी कशी दिसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते लिहावे, एवढीच विनंती.

प्रश्न : कालिदास दिनाच्या कार्यक्रमात एका वक्त्यांनी ‘आषाढाचा पहिला दिवस’ हा पाठच चुकीचा असल्याचे सांगितले. रामटेकच्या परिसरात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते लागले. यात तथ्य किती? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पाठ चुकीचा आहे असे म्हणणे मला धाडसाचे वाटते, परंतु शंका मात्र फार जुनी आणि विचारपूर्वक घेतलेली आहे. तिचे उत्तर घाईने देऊ नये, कारण या एका शब्दात सारे पंचांग गुंतलेले आहे.

कालिदासाच्या मेघदूताच्या दुसऱ्या श्लोकात, शापामुळे पत्नीपासून दूर पडलेला यक्ष रामगिरीच्या (रामटेकच्या) माथ्याला बिलगलेला मेघ पाहतो, तो ‘आषाढस्य प्रथमदिवसे’. काव्याच्या शेवटाजवळ तोच यक्ष पत्नीला निरोप धाडतो, की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा माझा शाप संपेल, उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो तो कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे वारकऱ्यांच्या कार्तिकीला. आता आपण मोजू. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चार महिने आणि वर दहा दिवस होतात. म्हणजे विरहिणीला दिलेल्या मुदतीत दहा दिवसांची तफावत पडते. त्यातच चौथ्या श्लोकात ‘नभस्’ म्हणजे श्रावण जवळ आल्याचा उल्लेख आहे, आणि आषाढाच्या पहिल्याच दिवशी श्रावण जवळ आला असे कसे म्हणावे, असाही आक्षेप निघतो. या अडचणींमुळे काश्मीरचा टीकाकार वल्लभदेव ‘प्रथमदिवसे’ या जागी ‘प्रशमदिवसे’, म्हणजे आषाढ सरण्याच्या दिवशी, असा पाठ घेतो. दुसरा टीकाकार मल्लिनाथ तो पाठ नाकारतो आणि ‘प्रथम’च राखतो.

आपल्याकडे या वादात एक गोष्ट सहज विसरली जाते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना आपल्यापुढे एक पाऊल असतो. म्हणून पौर्णिमान्त गणनेत आषाढाचा पहिला दिवस म्हणजे आपल्या वटपौर्णिमेनंतरचा दिवस. त्या दिवसापासून कार्तिकीपर्यंत मोजले तर तफावत आणखी पंधरा दिवसांनी वाढते. उलट ‘प्रशम’ पाठ घेऊन पौर्णिमान्त आषाढाचा शेवट, म्हणजे आपली गुरुपौर्णिमा, धरली तर मुदत चार महिन्यांना चार दिवस कमी इतकी जवळ येते. आपल्या अमान्त आषाढाचा शेवट धरला तर मात्र ती साडेतीन महिन्यांच्याही आत जाते. सारांश, ‘प्रशम’ पाठाचे बळ उत्तरेच्या पंचांगात आहे, आणि ‘प्रथम’ पाठ शुद्ध प्रतिपदेच्या अर्थाने घेतला तर तो आपल्या पंचांगात अधिक शोभतो. अचूक चार महिने हवे असतील तर आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मासच घ्यावा लागेल, आणि ‘प्रथमदिवस’ हा शब्द तिथवर ताणता येत नाही.

दहा दिवसांचे एक उत्तर असे दिले जाते, की मेघाला रामगिरीहून अलकानगरीपर्यंत जायला तेवढे दिवस लागतीलच. यक्षाचा निरोप तिच्या कानी पडेल त्या दिवसापासून चार महिने मोजायचे. हे उत्तर मला पटते, कारण ते गणितालाही धरून आहे आणि माणसाच्या मनालाही. पत्र लिहिणारा माणूस स्वतःचे दिवस मोजत नाही, पत्र हाती पडल्यानंतरचे वाचणाऱ्याचे दिवस मोजतो. ज्यांच्या घरी लांबून पत्रे येत असत त्यांना हे सांगावे लागणार नाही. मल्लिनाथासारख्या काटेकोर टीकाकाराने दहा दिवसांच्या फरकासाठी पाठ बदलू दिला नाही, यातही मला कवितेची जाण दिसते. पहिल्या मेघाच्या दर्शनाने जो धक्का बसतो तो ‘प्रथम’ या शब्दात आहे. महिनाभर पाऊस पाहून झाल्यावर महिन्याच्या अखेरीस तो बसणार नाही.

तेव्हा आपण आषाढाचा पहिला दिवस निःशंकपणे साजरा करावा. फक्त अधिक आषाढाच्या वर्षी कोणता पहिला दिवस, हे आयोजकांनी आधी ठरवलेले बरे. २०१५ मध्ये १७ जूनपासून १६ जुलैपर्यंत अधिक आषाढ होता आणि त्यानंतर निज, म्हणजे नेहमीचा, आषाढ लागला, म्हणजे ‘आषाढाचा पहिला दिवस’ महिन्याच्या अंतराने दोनदा उगवला. त्या वर्षीची आषाढी एकादशी निज महिन्यात, २७ जुलैला झाली. विष्णू निज आषाढात झोपला, तर यक्षानेही त्याच महिन्यात मेघ पाहिला असे मानणे सुसंगत ठरेल. तरीही आकाशात पहिला ढग दिसतो तो जूनमध्ये, अधिक महिन्यात. त्या वर्षी विदर्भात राहणाऱ्या एखाद्या कवीने या दुहेरी प्रतीक्षेवर लिहिले असेल, तर ती कविता मला वाचायला आवडेल.

प्रश्न : शिवराज्याभिषेकावर पोवाडा रचतो आहे. ६ जून म्हणावे की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी? शकाचे इसवी सन करताना कधी ७८ मिळवतात, कधी ७९, तेही समजत नाही. (एक वाचक, महाड)

उत्तर : पोवाड्यात तिथी घ्या. कारण भावनेचे नाही, चित्राचे आहे. ‘६ जून’ म्हटल्याने त्या रात्रीचे आकाश डोळ्यांपुढे येत नाही. ‘शुद्ध त्रयोदशी’ म्हटले की पौर्णिमेला दोन दिवस उरलेला, जवळजवळ भरलेला चंद्र रायगडाच्या कड्यांवर दिसू लागतो. त्या काळच्या माणसांनी तो दिवस याच नावाने ओळखला होता. तिथी लिहिणाऱ्याने मात्र चंद्राचे भान ठेवले पाहिजे. शुद्ध तृतीयेच्या मध्यरात्री लखलखते चांदणे आणि वद्य दशमीच्या तिन्हीसांजेला उगवणारा चंद्र मी प्रसिद्ध कवींच्याही ओळींत पाहिला आहे. शुद्ध तृतीयेची कोर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळते आणि वद्य दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर वर येतो. एका चुकीच्या चंद्राने सारी कविता खोटी वाटू लागते.

शकाचा हिशेब सोपा आहे. शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला बदलते. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या तिथीला ७९. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा, म्हणून १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ चा, म्हणून १६३०. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ६ जून १६७४ आणि १९ फेब्रुवारी १६३० या दोन्ही तारखा जुन्या ज्युलियन पद्धतीच्या आहेत. इंग्रजांनी नवी पद्धत १७५२ मध्ये स्वीकारली, त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. सतराव्या शतकासाठी दोन्ही पद्धतींत दहा दिवसांचे अंतर आहे, म्हणजे आजच्या पद्धतीने राज्याभिषेक १६ जूनला येतो. तिथीला ही अडचण नाही, कारण चंद्राने कोणाच्या आदेशाने दहा दिवस गाळलेले नाहीत. तिची अडचण निराळी : २०२६ मध्ये ज्येष्ठच अधिक असल्यामुळे राज्याभिषेकाची तिथी निज ज्येष्ठात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाते आणि ६ जून अधिक ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पडतो. एकाच घटनेचे दोन स्मरणदिन तीन आठवड्यांनी दूर जातात.

प्रश्न : ज्ञानेश्वरीच्या शेवटी ग्रंथाचा काळ सांगणारी ओवी आहे. ती कविता मानावी का? जुने कवी सालाचा आकडा ओवीत का घालत असत? (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : ती ओवी अशी आहे : ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ शके १२१२ म्हणजे १२९०. ओवीत ज्ञानेश्वरांचा उल्लेख तृतीयपुरुषी आहे आणि लेखनिकाचे नावही दिले आहे, म्हणून ती स्वतः ज्ञानेश्वरांची की लेखनिकाकडची, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तरी ती ग्रंथाशी विसंगत नाही. ग्रंथाच्या अखेरीस यदुवंशातल्या श्रीरामचंद्र राजाचाही उल्लेख आहे आणि देवगिरीच्या रामचंद्रदेवाचा काळ याच सुमाराचा आहे.

आकडा ओवीत घालण्यामागे एक व्यवहारी कारण होते. हाताने नकला होत असताना सुटा आकडा सहज बदलतो किंवा गळतो. छंदात आणि यमकात बसवलेला आकडा बदलला तर ओवी लंगडते आणि चूक कानाला कळते. ‘बारोत्तरें’ हा शब्द ‘ज्ञानेश्वरें’ आणि ‘आदरें’ यांच्या यमकात अडकवला आहे, तो तिथून हलवता येत नाही. याहून पक्की सोय एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्याची नोंद सांगणाऱ्या ओवीत आहे. तिथे शके पंधराशे सहा या आकड्यासोबत संवत्सराचे नावही दिले आहे, तारण. साठ संवत्सरांच्या चक्रात तारण अठरावा आहे. शके १९०९ मध्ये, म्हणजे १९८७ च्या पाडव्याला, पहिला संवत्सर प्रभव लागला होता. तिथून साठ-साठ वर्षांनी मागे जा : १५६७ मध्ये प्रभव येतो, आणि त्यापासून अठरावे वर्ष १५८४, म्हणजेच शके १५०६. आकडा आणि नाव एकमेकांची साक्ष देतात. मी हे गणित पहिल्यांदा कागदावर मांडले आणि ते जुळले, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्यासाठी ही खूण ठेवली आहे, असे वाटून बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

संस्कृत कवी याच कामासाठी शब्दांना अंकांचे मोल देत : चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा. हे शब्द एकक स्थानापासून उलटे वाचायचे असतात, म्हणून ‘नेत्र-वेद’ म्हणजे चोवीस नव्हे, बेचाळीस. यात कवीला छंदानुसार शब्द निवडण्याची मोकळीक मिळत असे, कारण चंद्राला शंभर नावे आहेत आणि प्रत्येकाचे मोल एकच.

आपला प्रश्न होता, तिला कविता मानावी का. मी मानतो. ‘आम्ही या वेळी इथे होतो’ एवढेच ती सांगते आणि ते विसरले जाऊ नये म्हणून यमकाचा आधार घेते. पृथ्वीच्या वार्षिक प्रदक्षिणेला सूर्यावरच्या प्रेमाचे रूप देणारी कुसुमाग्रजांची ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ ही कविता आपण अभ्यासक्रमात वाचली असेल. तिथे युगामागून युगे लोटतात आणि कोणत्याही वर्षाला आकडा नसतो. काळाच्या कवितेचे हे दुसरे टोक, आणि दोन्ही टोके मराठीत आहेत.

प्रश्न : तिसरी-चौथीच्या मुलांना महिन्यांचे दिवस पाठ करून घेण्यासाठी एखादी मराठी ओवी सुचवावी. (एक शिक्षक, पालघर)

उत्तर : मुठीच्या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर महिने मोजण्याची युक्ती मुलांना जरूर शिकवा, तिला ओवीची गरज नाही. पाठांतरासाठी या दोन ओव्या रचल्या आहेत, वर्गात म्हणून पाहाव्यात :

एप्रिल, जून, सप्टेंबर ।
चौथा त्यांत नोव्हेंबर ।
तीस दिवसांचे घर ।
चौघांचे एक ॥

फेब्रुवारी अठ्ठावीस ।
लीप येता एकोणतीस ।
बाकी सारे एकतीस ।
मोजून घ्यावे ॥

‘चौथ्या वर्षी’ न म्हणता मुद्दाम ‘लीप येता’ म्हटले आहे, कारण आज शिकणाऱ्या मुलांपैकी काही २१०० पाहतील. सोबत भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकाही सांगावी. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली. तिच्यात वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने एकतीस दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन हे सहा महिने तीस दिवसांचे असतात. चैत्र एरवी तीस दिवसांचा, लीप वर्षात एकतिसांचा, आणि त्या वर्षी तो २१ मार्चला सुरू होतो. उन्हाळ्या-पावसाळ्यातले महिने मोठे असण्याचे कारण असे, की त्या काळात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि सावकाश चालते, म्हणून सूर्याला एक रास ओलांडायला जास्त दिवस लागतात. मुलांना हे कारण फार आवडते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : अकरा वर्षे मेलबर्नमध्ये राहते आहे. इथे श्रावण ऐन थंडीत येतो. श्रावणावर लिहायला बसले की आठवते ते ऊन-पावसाचे कोकण, आणि खिडकीबाहेर असतात निष्पर्ण झाडे. अशा श्रावणाला श्रावण म्हणावे का? (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : म्हणावे. श्रावण हा चंद्राचा महिना आहे आणि चंद्र आपल्याकडेही तोच आहे. अमावास्येचा क्षण साऱ्या पृथ्वीला एकच असतो. सूर्योदयाची वेळ वेगळी असल्यामुळे एखादी तिथी तिकडे एक दिवस पुढेमागे होते, म्हणून सणासाठी तिथल्या सूर्योदयावर केलेले पंचांग पाहावे लागते, एवढाच फरक. ऋतू मात्र सूर्याचा आहे आणि तो विषुववृत्तापलीकडे उलटतो. बालकवींच्या श्रावणात महिना आणि ऋतू एकजीव झालेले आहेत, ते खानदेशात वाढलेल्या कवीला साहजिक होते. आपल्या खिडकीत ते दोन वेगळे झाले आहेत. पत्रासोबत पाठवलेल्या आपल्या मजकुरातून ‘हिरवळ’ आणि ‘सरी’ काढून टाकाव्यात, कारण त्या आठवणीतून आल्या आहेत आणि वाचणाऱ्याला ते जाणवते. निष्पर्ण झाडाच्या फांद्यांमधून दिसणारी नागपंचमीची कोर लिहा. पानांच्या गर्दीत आणि ढगांच्या छायेत कोकणातल्या श्रावणात ती कोर बहुधा दिसतच नाही. ती आपल्याला दिसते आहे. आणि ती आपल्या आकाशात उलटी कललेली असते : इथे शुद्ध पक्षात कोरीची उजवी कड उजळते, तिथे डावी. ती कविता पूर्ण झाली की आमच्याकडे पाठवावी.